जागा बदलली की माणूस हाय खातं का?

‘आई घोडबंदर रोडच्या केअर होममध्ये आहे. नेरुळला आमच्या घराजवळ आणावं म्हणतो. पण या वयात जागा बदलली की माणूस हाय खातं म्हणतात, खरं का?’ ठाणे-नवी मुंबईत हा प्रश्न वरचेवर येतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, भीती अगदीच निराधार नाही. शिकागोतली एक संस्था बंद झाल्यावर तिथल्या वृद्ध-अपंगांना दुसरीकडे हलवलं, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू झाल्याची नोंद १९६३ साली प्रसिद्ध झाली. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. नीट तयारी करून हलवलेल्यांमध्ये अशी वाढ अनेकदा दिसली नाही. आमच्या मते, खरा घात करते ती सोबत न गेलेली माहिती.

पहिला घोळ गोळ्यांचा. बीपीची तीच गोळी जुन्या डब्यात एका ब्रँडची आणि नव्या मेडिकलमधून आलेली दुसऱ्या नावाची. सिस्टर दोन्ही देते, बीपी खाली जातं, आजी बाथरूमच्या दारात पडतात. म्हणून यादीत ब्रँडखाली औषधाचं मूळ नाव, डोस, वेळ आणि ‘आज शेवटची गोळी किती वाजता दिली’ हे लिहून न्या. पार्किन्सनची गोळी घड्याळाच्या काट्यावर लागते, नाश्त्याच्या राउंडला सगळ्यांबरोबर दिली तर अंग ताठरतं. वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत घालमेल सुरू होते, कधी फिटही येते. आणि लोक म्हणतात, नवी जागा मानवली नाही!

दुसरा घोळ रात्रीचा. जुन्या खोलीत पलंगाच्या डाव्या अंगाला उतरलं की चार पावलांवर संडास. नव्या खोलीत डावीकडे भिंत. रात्री दोनला झोपेत पाय सवयीनेच डावीकडे जातात. पलंग असा लावून घ्या की उतरायची बाजू तीच राहील. बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवा, आणि संडासातला दिवा रात्रभर चालू.

प्रवासात लघवी लागेल म्हणून सकाळपासून पाणी तोडू नका. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन आणि त्यातून भ्रम (म्हणजे अचानक भान हरपून गोंधळणं, डॉक्टरांच्या भाषेत डिलिरियम), अशी माळ लागते. नाश्ता करून निघा, जेवणाच्या आत पोचा. विसरभोळेपणाचा आजार असेल तर संध्याकाळी घाबरगुंडी वाढते, तेव्हा त्या वेळी खोली नवी नको. शनिवारही टाळा, रविवारी डॉक्टर मिळणं कठीण. चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन पिशवीत नको, अंगावर हवं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे, ‘छान रुळल्या हो, काही त्रास नाही’. बोलक्या बाई दिवसभर झोपून राहतात, घास तोंडातच ठेवतात, हाक मारली की उशिरा ओ देतात. हा शांतपणा भ्रमाचाच एक प्रकार असू शकतो. आरडाओरडा करणाऱ्याकडे डॉक्टर येतो, गप्प पडलेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हा बदल एक-दोन दिवसांत झाला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोचल्या दिवशी वजन करा, मग दर आठवड्याला. पन्नास किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो घटलं तर ते गंभीर. टाचा आणि माकडहाडाची कातडीही पहिल्याच दिवशी बघून घ्या, म्हणजे जखम इथली की तिथली हा वाद उरत नाही.

‘पंधरा दिवस भेटू नका, सवय होऊ दे’ असं काही ठिकाणी सांगतात. आम्हाला हे पटत नाही. रोज ठरल्या वेळी अर्धा तास जा, आणि ‘फिरायला जाऊ’ म्हणून फसवून मुळीच आणू नका.

नुसती चकचकीत लॉबी आणि बाग बघून हलवणार असाल, तर राहू द्या. रात्री सिस्टर नसेल किंवा पाठीला जखमा होत असतील, तर मात्र थांबू नका.