काकांच्या फोनवर ॲप उघडेना तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या काकांचं हळदीचं आडत दुकान आहे. पोत्यांची वजनं, हमाली, तोलाई धरून पट्टी काढणारा माझा सी++ मधला जुना प्रोग्रॅम तिथल्या कॉम्प्युटरवर चालतो. तोच हिशोब मोबाईलवर हवा होता. नव्याने लिहायचा कंटाळा, म्हणून तेच कोड घरच्या लिनक्सवर अँड्रॉइड एनडीकेने (अँड्रॉइडसाठी सी++ बांधायची गूगलची साधनं) एआरएम-६४, म्हणजे फोनच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलं. बिल्डची, म्हणजे कोड बांधायच्या पायऱ्यांची, स्क्रिप्टही हातानेच लिहिली. हा हट्ट पुढे नडला.

"अरं, उघडतंय न् लगेच मिटतंय की!" काकांचा फोन आला.

माझ्या फोनवर तर आकडे बरोबर येत होते. दुकानात जाऊन केबल जोडली आणि लॉगकॅट, म्हणजे फोन लिहीत असलेल्या नोंदी, पाहिला. 'लिबसी++_शेअर्ड.एसओ' (सी++ ची तयार लायब्ररी; एसओ म्हणजे चालताना जोडली जाणारी फाइल) सापडत नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. घरी मी तपासणी ॲपमधून केलीच नव्हती. एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणारं साधन) टेस्ट प्रोग्रॅम फोनच्या टेम्प फोल्डरात टाकून चालवायचो, आणि कधीतरी त्याच्या शेजारी ही लायब्ररी ठेवून विसरलो होतो. एनडीकेचा कंपायलर क्लँग++ वेगळं काही सांगितलं नाही तर शेअर्ड, म्हणजे वेगळ्या फाइलीत राहणारी, सी++ लायब्ररीच जोडतो, आणि ती फाइल मी ॲपसोबत दिलीच नव्हती. सीमेक किंवा ग्रेडल ही बिल्डची तयार साधनं वापरली असती तर ही काळजी त्यांनीच घेतली असती.

आधी हावरटपणा केला, सगळंच स्टॅटिक करायला, म्हणजे लायब्ररी माझ्याच फाइलीच्या आत भरायला गेलो. लिंकरने, म्हणजे कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, हाकलून लावलं, आणि बरोबरच केलं. फोनमधली सी लायब्ररी, म्हणजे बायोनिक, सिस्टिमचीच असते; ॲपच्या एसओ फाइलने ती फोनकडूनच घ्यायची. स्टॅटिक करायची ती फक्त सी++ ची. त्यासाठी लिंक करताना 'स्टॅटिक-लिबएसटीडीसी++' हा पर्याय द्यायचा. नावात जीएनयूची, म्हणजे सी++ ची दुसरीच, लायब्ररी दिसते म्हणून मी तो दोनदा खोडला होता. एनडीकेने ती लायब्ररी २०१८ मध्येच काढून टाकली. हाच पर्याय आता एलएलव्हीएम प्रकल्पाची लिबसी++ आत ओततो. नंतर रीडएल्फ या साधनाने 'नीडेड'च्या, म्हणजे फाइलीला बाहेरून लागणाऱ्या लायब्ररींच्या, ओळी पाहिल्या. सी, गणित, डीएल आणि लॉग एवढ्याच उरल्या, म्हणजे सगळ्या फोनमध्ये असतातच. फाइल थोडी फुगली, पण काकांच्या फोनवर ॲप उघडलं. चहा झाला.

चार दिवसांनी पट्टी छापण्यासाठी ब्लूटूथ प्रिंटरचं कोड घेतलं. तेही सी++ चंच. त्याची वेगळी एसओ केली आणि तीही स्टॅटिक. कागद संपला की प्रिंटरचं कोड एक्सेप्शन, म्हणजे अडचणीची सूचना, टाकायचं, माझ्या बाजूचा कॅच, म्हणजे ती झेलणारा भाग, तिला ओळखायचाच नाही, आणि ॲप पुन्हा मिटायचं. एका घरात दोन चुली झाल्या होत्या: दोन्ही फायलींत लिबसी++ ची आपापली प्रत, प्रकारांची नोंदही आपापली. त्यामुळे स्टॅटिकचा नियम एनडीकेच्या कागदपत्रांतच आहे: ॲपमध्ये सी++ ची एकच एसओ असेल तरच. एकाहून जास्त असतील तर सगळ्यांनी शेअर्ड घ्यायची आणि ती लायब्ररी ॲपसोबत द्यायची. मी हे वाचलं होतं, पण दोनच तर आहेत म्हणून दामटलं.

प्रिंटरचा सोर्स हाताशी होता, म्हणून दोन्ही कोड एकाच एसओमध्ये कोंबली. नुसती तयार फाइल मिळाली असती तर शेअर्डकडे वळावं लागलं असतं. आता कागद संपला की स्क्रीनवर 'रोल बदला' येतं. काका म्हणाले, "ते कळतंय मला. पट्टी दुसऱ्यांदा छापताना नंबर बदलतोय, ते बघ आधी."