घोटीच्या पुढची दुपार

घोटी मागे पडलं होतं आणि वाडीवऱ्हे अजून यायचं होतं. दिवस चौथा होता की पाचवा, हे आता नीट सांगता येत नाही. वसईहून पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून निघालो, तो दिवस लख्ख आठवतो. पुढचं सगळं डांबर, ट्रकचे भोंगे आणि रोझरीचे मणी यांत मिसळून गेलंय. अंजूरफाटा धुरात गेला. पडघा, शहापूर, खर्डी इथं जेवलो, निजलो, उठलो. कसारा घाटात सगळे फोटो काढत होते, मी पुढच्याच्या टाचांकडे बघत चढत होते. इगतपुरीत रात्रभर थंडीनं दात वाजले. घोटीपाशी कुणीतरी उजवीकडे बोट दाखवून म्हणालं, ते बघा कळसूबाई. मी मान वर केली नाही. माझ्या डाव्या टाचेखाली आग पेटली होती.

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार म्हणजे नाशिकरोडच्या बाळ येशूचा सण. दीडशेच्या वर किलोमीटर चालून तिथं पोचायचं, असं आम्हा एकेचाळीस जणांचं ठरलं होतं. त्या एकेचाळिसांत माझी सून होती. मी तिला बरोबर घेतली होती, असंच तेव्हा म्हणायचे. खरं तर ती आपणहून आली होती.

मी बावीस वर्षं आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. बायबल वाचनाचा गटही मीच चालवते. बायका म्हणतात, बाईंना विचारा, बाईंना सगळं माहीत असतं. हे ऐकून ऐकून माणसाच्या आत काहीतरी घट्ट होत जातं. मला ते कळलं नव्हतं. वाटेत कळलं, तेही एकदम नाही.

खर्डीच्या मुक्कामी एक कॉलेजातला मुलगा लहान पोरांना प्रागच्या बाळ येशूची, म्हणजे आमच्या बाळ येशूच्या मूळ मूर्तीची, गोष्ट सांगत होता. रंगून सांगत होता, पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. तो म्हणाला, मातीची मूर्ती होती. मी लांब सतरंजीवर पडले होते, तिथूनच म्हणाले, "मातीची नाही. लाकडाची, वरून मेणाचा थर. उंची 47 सेंटिमीटर. पोलिक्झेना नावाच्या बाईनं ती 1628 मध्ये कार्मेलाइट संन्याशांना दिली. नीट माहीत नसलं तर सांगू नये." सगळं अगदी खरं होतं. 1631 मध्ये सॅक्सन सैन्य प्रागमध्ये शिरलं, मठ लुटला गेला, मूर्ती वेदीमागच्या अडगळीत पडली, हात तुटले, काही वर्षांनी फादर सिरिल यांना ती तशी सापडली, हेही मी सांगून टाकलं. मी थांबले तेव्हा पोरं पांगली होती. पुढचे दोन दिवस तो मुलगा पंगतीत माझ्यापासून लांब बसला.

सुनेचं प्रकरण याहून जड होतं. लग्नाला पाच वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. मी बाळ येशूला नवस बोलले होते. माउंट मेरीच्या जत्रेत बांद्र्याहून नवसाला वाहायचं मेणाचं एक बाळ आणलं होतं, नॅपकिनमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलं होतं. तिला सांगितलं नव्हतं. पडघ्याच्या पुढे चालता चालता दोघीतिघींना मात्र सांगितलं, प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणून. त्यातल्या एकीनं शहापूरला तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बाळ येशू तुझी कूस उजवेल हो. सून हसली, "थँक्यू आंटी" म्हणाली आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. मला रागच आला. प्रार्थना करायला सांगितली यात काय चुकलं? मी रात्री तिच्यासाठी एक रोझरी जास्त म्हटली, आणि तीही रागातच म्हटली.

बुटांचंही तसंच. निघण्याआधी ती म्हणाली होती, "आई, नवे बूट नका घालू, रोजच्या सँडलवर चाला." मी नवेच घातले. पहिला फोड आला तेव्हा म्हणाली, "फोडू नका, वरचं कातडं तसंच राहू द्या." मी तो फोडला आणि वर कातडंही ओढून काढलं, म्हटलं हवा लागेल, लवकर सुकेल.

तर घोटीच्या पुढची ती दुपार. ऊन फार नव्हतं, पण रस्ता तापला होता. काढलेल्या कातडीखालचं लाल मांस मोज्याला चिकटलं होतं आणि शेजारी दुसरा फोड टम्म फुगला होता. नमो मारिया म्हणताना प्रत्येक पावलाला शब्द तुटत होता. पुढे क्रूस घेतलेली पोरं भराभर चालली होती, टेम्पोवरचा स्पीकर कर्कश गात होता आणि मला त्या गाण्याचा, त्या पोरांचा, देवाचासुद्धा संताप आला होता. मी पापनिवेदनात सांगितलं ते इथंही सांगते: त्या क्षणी मला बाळ येशूचं तोंडही बघायची इच्छा नव्हती.

रस्त्याकडेला एक रसवंती होती. चार बांबू, हिरवं कापड, चरकाला बांधलेले घुंगरू. आतल्या आजींनी माझी चाल बघितली आणि बाहेर येऊन सरळ माझा दंड धरला. "बसा माउली. असं पाय फरफटत कुठवर जाणार?"

माउली. मला आयुष्यात कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पौष एकादशीला पायी जाऊन आल्या होत्या, दरवर्षी जातात. मी म्हटलं, थांबायला वेळ नाही, आमची माणसं पुढे गेली. त्या म्हणाल्या, "माणसं कुठं जात नाहीत. पाय जातो."

त्यांनी बाकड्यावर बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी पाय ओढून घ्यायला गेले. घामेजलेला, चिकटलेला, घाण वासाचा पाय. त्यांनी घोटा सोडला नाही. माठातलं पाणी ओतून मोजा भिजवला, मग हळू सोडवला. मी ओरडले. त्यांनी नातवाला हाक मारून चरक थांबवला, घुंगरांचा आवाज बंद झाला. मग ती कच्ची जागा बघून त्या बराच वेळ गप्प बसल्या.

"हे कातडं कुणी काढलं?"

"मीच."

"काढायचं नसतं माउली. खालची कातडी तयार होईपर्यंत तेच पांघरूण असतं."

सून माझ्या मागे उभी होती. ती काही बोलली नाही. "मी हेच सांगितलं होतं" एवढं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. तिनं पाण्याचा तांब्या पुन्हा भरला आणि आजींच्या हातात दिला. आजींचं बोलणं मी लगेच मानलं होतं. तेच बोलणं घरच्या मुलीच्या तोंडून आलं, तेव्हा मात्र मला त्यात उर्मटपणा दिसला होता.

दुसऱ्या फोडासाठी आजींनी सुई-दोरा काढला. सुई काडीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं आत घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी त्या दोऱ्यावरून थेंब थेंब झिरपायला लागलं. दुखलं नाही. कच्च्या जागेवर त्यांनी खोबरेल लावलं आणि धुतलेल्या लुगड्याची पट्टी बांधली. "वारीत आम्ही असंच करतो," म्हणाल्या. हे सगळं करायला अर्धा तास तरी गेला असेल. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, त्यांना त्यांनी थांबायला सांगितलं. तिसरं थांबलं नाही, निघून गेलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"कोरडा मोजा आहे का?"

माझी बॅग सुनेनं उघडली. मी "थांब" म्हणेपर्यंत तिचा हात तळाशी गेला होता. मोज्याबरोबर नॅपकिन बाहेर आला, आणि नॅपकिन सुटला.

मेणाचं बाळ तिच्या तळहातावर होतं. वीतभरही नाही. आजींनी वाकून बघितलं. "ही काय बाहुली?"

सून म्हणाली, "आईंनी माझ्यासाठी आणलीय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, उत्तर देता आलं असतं. आजींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांना आमचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "मग तिच्यासाठी आणलीय तर तिच्याजवळ द्या ना. तुमच्या बॅगेत कशाला?"

मी मान हलवली. तिनं ते बाळ स्वतःच्या रुमालात गुंडाळलं आणि स्वतःच्या पिशवीत ठेवलं. मग खाली बसून माझ्या पायात मोजा चढवला आणि पायात तिचे सँडल घातले. ती माझ्या बुटांत पाय घालून निघाली, मागची टाच दुमडून.

रसाचे पैसे आजींनी घेतले नाहीत. मी दोनदा पुढे केले, तर हात मागे घेतला.

वाडीवऱ्ह्याला रात्री वाचनाची पाळी माझी होती. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय मीच घरून ठरवून आणला होता, अठरा ओव्या, शिकवून शिकवून पाठ झालेल्या. त्याची सुरुवातच अशी की तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये. ते वाचताना माझा आवाज बसला. मग जीभ, मग वणवा, आणि शेवटी वरून येणारं ज्ञान कसं असतं ते. शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य. पुढचा शब्द आहे "समजूत होण्याजोगे." या शब्दावर मी कितीतरी वर्गांत बोलले आहे. दर वेळी अर्थ सांगितला तो असा, की ज्ञानी माणूस समोरच्याची समजूत घालू शकतो. शब्द तर तसं म्हणत नाही. समजूत त्याची स्वतःची होते. त्याला कुणीतरी काही सांगू शकतं, सून सांगू शकते, कॉलेजातला मुलगा सांगू शकतो, आणि तो ऐकतो. बावीस वर्षं तो शब्द मी उलटा शिकवला. मी पुस्तक मिटलं आणि विवेचन केलं नाही. सगळे थोडा वेळ वाट बघत बसले, मग कुणीतरी गाणं सुरू केलं.

झोपताना मी तिला म्हटलं, "मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पाय उंच ठेवा, सूज उतरेल." आणि स्वतःची चादर घडी करून माझ्या पायाखाली सरकवली. इतकंच. तिनं माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. त्या रात्री मी जास्तीची रोझरी म्हटली नाही.

सकाळी पुन्हा त्या स्पीकरनं डोकं उठवलं. पुन्हा चिडले. क्रूस कुणी धरायचा यावरून वादावादी झाली, तीत मीही दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक बोलायला नको होतं. विल्होळी गेलं, पांडवलेणीचा डोंगर गेला. नाशिकच्या हद्दीत शिरताना एका स्कूटरवाल्यानं गाडी थांबवून क्रुसाला हात जोडले.

द्वारकेच्या सिग्नलला थांबलो असताना तो कॉलेजातला मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, नाशिकमध्ये आपले लोक फार जुने आहेत ना?" मला शरणपूरची, नाशिकमधल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीची, सगळी हकिगत येते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या मिशन शाळेत शिकली. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा ज्यांनी त्यांचा देह महिनोन्‌महिने चालून समुद्रापर्यंत आणला, त्यांत याच शाळेतला जेकब वेनराइट होता. पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्या खांद्याचाही आधार त्यांच्या शवपेटीला मिळाला. मी एवढंच सांगितलं आणि थांबले. तो म्हणाला, "पायी? आफ्रिकेतून पायी?" मग पुणे रस्त्यानं नाशिकरोडपर्यंत तो विचारत राहिला, मी सांगत राहिले. दोन गोष्टी मला येत नव्हत्या. मला नाही माहीत, असं मी दोनदा म्हटलं.

बाळ येशूच्या मंदिराबाहेरची रांग संपता संपत नव्हती. मेणबत्त्या, झेंडूचे हार, खांद्यावरची मुलं, कानडी, कोंकणी, तमिळ बोलणारी माणसं. लंगडत पुढे सरकताना मला एकच भीती होती, की समोर उभी राहिल्यावर मी पुन्हा नातवंडच मागेन. मागितलं नाही. खरं सांगायचं तर काहीच सुचलं नाही. राजाचा मुकुट घातलेलं एवढंसं लेकरू, आशीर्वादाला उचललेला एवढासा हात. मी डोळे भरून बघितलं आणि स्वयंसेवकानं "पुढे चला" म्हटल्यावर पुढे झाले. सून माझ्या मागे होती. तिनं रुमाल उघडला की नाही, ते मी वळून बघितलं नाही. नंतर विचारलंही नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. इगतपुरीला ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. घाट उतरताना बोगद्यांच्या आवाजानं जागी झाली, तेव्हा मी सँडल काढून टाच बघत होते. फोड बसला होता, दोऱ्याची दोन्ही टोकं अजून बाहेर होती.

"हा कधी काढायचा गं?" मी विचारलं.

तिनं वाकून बघितलं, बोटानं कडेला हलकं दाबलं. "उद्या," म्हणाली. "मी काढते. तुम्ही ओढू नका."

"बरं," मी म्हटलं, आणि सँडलमध्ये पाय घातला.