स्विच काढून डिमर लावताना आधी बल्ब बघा

डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं बटण. तो बसवला आणि दिवे लुकलुकायला लागले की लोक दुकानात जाऊन डिमर बदलून आणतात. बऱ्याचदा डिमरही चांगला असतो आणि वायरिंगही. अडचण बल्बची असते.

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लहरी. साधा डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा तुकडा कापतो. तारेच्या बल्बला एवढी वीज कमी मिळाली की तो तेवढा मंद होतो, विषय संपला. एलईडी बल्बच्या पोटात मात्र ड्रायव्हर असतो आणि व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी उजेड तोच ठेवायचा, हेच त्याचं काम. त्याला कापलेली लहर दिली की बल्ब आधी मंदच होत नाही, मग एकदम विझतो किंवा थरथरतो. असाच वापरत राहिलात तर ड्रायव्हर तापून बल्ब लवकर जातो. म्हणून खोक्यावर ‘डिमेबल’ असं स्पष्ट छापलेलाच बल्ब घ्या. नेहमीचा ९ वॉटचा स्वस्त बल्ब सहसा डिमेबल नसतो.

आता वॉटचं गणित. डिमरवर ४०० किंवा ६५० वॉट लिहिलेलं असतं, ते तारेच्या बल्बसाठी. एलईडीचा आकडा वेगळा दिला नसेल तर त्याचा दहावा हिस्सा धरा, कारण एलईडी चालू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढतात. खालची मर्यादाही बघा. किमान ४० वॉट लागणाऱ्या डिमरवर ९ वॉटचे तीन बल्ब म्हणजे जेमतेम २७ वॉट, ते लुकलुकणारच. एलईडीसाठीच बनवलेला डिमर मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावू नका आणि दिव्याचा डिमर पंख्याला लावू नका; पंखा घूं घूं करतो, मोटर तापते.

बोर्ड उघडण्याआधी एमसीबी (मेन बोर्डातला त्या लाइनचा स्विच) पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तेवढ्यावर थांबू नका. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली आणि त्याच्या लाइनवरचे पॉइंट बॅटरीवर जिवंत राहतात. मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद हवेत. ते बंद करण्याआधीच टेस्टर एखाद्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा आणि बंद केल्यानंतर त्याने बोर्डातला प्रत्येक स्क्रू तपासा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाहीच.

प्लेट काढल्यावर वायरींना हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्विचच्या एका टोकाला बहुधा दोन वायरी एकत्र पिळलेल्या दिसतील. तो फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीचा लूप, त्यावरूनच शेजारच्या स्विचला आणि प्लगला वीज जाते. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. डिमरच्या टर्मिनलमध्ये दोन्ही मावल्या नाहीत म्हणून एक बाहेर राहिली की पुढचा अर्धा बोर्ड बंद. त्या दोन आणि एक छोटा तुकडा अशा तिन्ही वायरी कनेक्टरमध्ये घट्ट जोडा आणि तो तुकडा डिमरच्या फेज टर्मिनलला न्या. बल्बकडे जाणारी वायर दुसऱ्या टर्मिनलला. साध्या डिमरला न्यूट्रल लागत नाही, तिला हातच लावू नका. वायर ८ ते १० मिलिमीटर सोला, तांब्याच्या तारा पीळ देऊन आत घाला, स्क्रू आवळा आणि ओढून बघा.

जागेचाही विचार आधीच करा. बरेच डिमर दोन मॉड्यूलचे, म्हणजे बोर्डातल्या दोन स्विचांएवढ्या जागेचे असतात, स्विच एकाचा. म्हणजे शेजारी कोरी पट्टी हवी. डिमर खोलही असतो, त्यामुळे वायरींनी गच्च भरलेल्या डबीत तो दाबून बसवू नका. दोन डिमर एकमेकांना चिकटून नकोत, दोघांची उष्णता एकाच जागी साठते. जिन्याचा दिवा दोन ठिकाणांहून लागत असेल तर टू-वे डिमर एकाच टोकाला लावा, दुसरीकडे साधा टू-वे स्विच राहू द्या.

पहिली चाचणी ६० वॉटच्या तारेच्या बल्बवर घ्या. तो सरळ मंद-तेज झाला तर डिमर आणि जोडणी ठीक, उरलेला दोष एलईडीचा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र डिमर नीट चालेल अशी अपेक्षा धरू नका, तिथे साइन वेव्हच हवा. छताच्या कोव्हमध्ये, म्हणजे कडेच्या खाचेत, १२ व्होल्टची एलईडी पट्टी असेल तर भिंतीवरचा हा डिमर तिच्यासाठी नाहीच; तिला पॉवर सप्लायच्या पुढे, डीसी बाजूला लावायचा वेगळा डिमर मिळतो.

काही डिमरवर किमान उजेड ठरवायचा बारीक स्क्रू असतो. नॉब सगळ्यात खाली असताना दिवा थरथरत असेल तर तो स्क्रू फिरवून किमान उजेड थोडा वाढवा. डिमर कोमट लागणं साहजिक आहे. प्लेटवर हात ठेववत नसेल किंवा जळका वास आला तर लगेच एमसीबी पाडा. आधी टर्मिनलचा स्क्रू सैल आहे का बघा आणि मग लोड मोजा.