ते तुझं

दादाने फोन ठेवता ठेवता विचारलं, "अजून चालू आहे का गं ते तुझं?" ते तुझं! मी "हो, असतं थोडंफार" म्हटलं. तेव्हापासून सॉक्समध्ये कुसळ राहावं तसं टोचतंय.

रात्री झॉम्बीज या जुन्या इंग्रजी बँडचा 'ओडेसी अँड ओरॅकल' हा अल्बम लावला. असं काही झालं की हाच लागतो. १९६७ साली ही सेंट ऑल्बन्सची पोरं लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत गेली, तेव्हा तिथे बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बमचं रेकॉर्डिंग नुकतंच उरकलं होतं. त्यांचं मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे आवाज काढणारी पेटी, तिथंच पडलेलं, ते यांनी हक्काने वाजवलं. सगळ्या अल्बमला मिळून हजार पौंड. स्टिरिओ मिक्सचा खर्च कंपनी देईना, तर बँडमधल्या रॉड अर्जेंट आणि ख्रिस व्हाइटने पदरचे घातले. पहिलं गाणं इतकं प्रसन्न, की तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेलं ते पत्र आहे हे लक्षातच येत नाही. आणि पुढे एका गाण्यात पहिल्या महायुद्धातला खाटीक, पायपेटीच्या कण्हण्यावर. ते मी आज पुढे ढकललं.

हे एवढं करून विचारलं कुणी? १९६८ च्या एप्रिलमध्ये अल्बम आला तेव्हा बँड मोडून काही महिने झाले होते. अर्जेंट आणि व्हाइटला गाणी लिहिल्याचे पैसे तरी मिळत, बाकी तिघं कफल्लक. तो आवाज असलेला गायक कॉलिन ब्लनस्टोन विमा कंपनीत नोकरीला लागला. मला इथे भरून येतं. त्याच्यासाठीच असं नाही.

मग १९६९ मध्ये अमेरिकेत याच अल्बममधलं 'टाइम ऑफ द सीझन' तिसऱ्या नंबरावर. अल कूपर या अमेरिकन संगीतकाराने हट्ट धरला म्हणून तिथे रेकॉर्ड निघाली तरी. याच गाण्याच्या रेकॉर्डिंगला अर्जेंट इतका मागे लागला होता की ब्लनस्टोन वैतागून म्हणाला, एवढं येतंय तर तूच गा. (आई आणि मी, मोदकाच्या पाऱ्या.)

पण उशिरा आलेलं कौतुक घ्यायचं कुणी? विमा कंपनीतल्या माणसाने? तो परत गायला लागला तो नील मॅकार्थर या नावाने, आणि गायला काय, तर झॉम्बीजचंच पहिलं हिट गाणं. हे आठवलं आणि एकटीच हसले. स्वतःचंच गाणं दुसऱ्याच्या नावाने गायचं! आपण निदान घरच्या नावाने तरी बसलोय.

चाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, उरलेल्या चौघांनी लंडनमध्ये अख्खा अल्बम मंचावर वाजवला. गिटारवाला पॉल अ‍ॅटकिन्सन तोवर गेला होता. त्याचं काय, हा विचार आज नको.

सगळ्यात भारी तोतये. गाणं गाजलं आणि बँडच नाही, म्हणून अमेरिकेत खोटे झॉम्बीज फिरू लागले. त्यातले टेक्ससवाले दोघे पुढे झेडझेड टॉप या रॉक बँडमध्ये नावारूपाला आले. सदाशिवरावभाऊंनंतर एवढी तोतयेगिरी ऐकली नव्हती. दादा, माझ्या नावाने एखादी तोतयी निघेपर्यंत तरी हे चालू ठेवते.