सामानाची गाडी ढकलताना आईचे पाय दुखत नव्हते

आई मागच्या मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे आली ती विमानतळावर व्हीलचेअरमधूनच बाहेर आली. तिला तसं बघून माझ्या पोटात गोळा आला. वय ७१, पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत दर रविवारी पर्वती चढणारी बाई ही. तिथे सकाळी सहाला पोचून वरून सूर्य बघायचा आणि मग खाली येऊन पोहे, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम.

दुखणं गुडघ्याचं नव्हतं. चालायला लागलं की पाचेक मिनिटांत मांडीच्या मागून खाली पोटऱ्या भरून यायच्या, पाय जड पडायचे, मुंग्या यायच्या, आणि कुठेतरी टेकलं की दोन मिनिटांत सगळं गायब. पुण्यात काय काय करून झालं होतं विचारू नका. महानारायण तेल झालं, निर्गुडीचा पाला गरम करून शेक झाला, गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या, मग एका ठिकाणी पंधरा दिवस ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणून धरायचा उपचार, आणि वर कमरेला पट्टा, तो पट्टा तिने वर्षभर बांधला कारण काढला की भीती वाटायची. गावाकडच्या मामीने तर उसण भरली असेल म्हणून एका पायाळू माणसाचा पायही पाठीला लावून घेतला. यातल्या कोणाचीच नियत वाईट नव्हती, पण तिला दहा पावलं चालून दाखव असं कोणी म्हटलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. आणि या सगळ्यात हळूहळू तिने चालणंच सोडलं. आधी पर्वती गेली, मग मंडई गेली, मग सोसायटीतली संध्याकाळची फेरीसुद्धा.

आम्ही बेटनडॉर्फला राहतो, आयोवात. नदी ओलांडली की मोलीन, जिथे ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरचं मुख्य ऑफिस आहे, त्यामुळे त्यांच्या पुण्याच्या मगरपट्ट्यातल्या ऑफिसातून इकडे आलेली बरीच मराठी घरं आहेत आणि गणपतीला मोदक करायला चार हात सहज मिळतात. आई आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला मिसिसिपीच्या काठाने जो चालायचा रस्ता आहे तिथे घेऊन गेले, इथे नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते त्याचं तिला फार अप्रूप वाटलं, पण दोनेकशे पावलांवर ती बाकावर बसली आणि म्हणाली, अगं तू जा पुढे, मी बसते इथेच. तिचा चेहरा बघून मला पुढे जाववेना.

त्याच आठवड्यात आम्ही किराणा आणायला गेलो. ती सामानाची मोठी गाडी घेऊन निघाली, दांड्यावर दोन्ही कोपरं टेकवून, थोडी पुढे वाकून, आणि पाऊण तास त्या दुकानात फिरली, डाळी बघितल्या, भाज्या बघितल्या, प्रत्येक गोष्टीची किंमत रुपयात करून झाली, आणि एकदाही बसली नाही. गाडीत सामान ठेवताना माझ्या डोक्यात आलं, की हिचे पाय आज दुखलेच नाहीत. विचारलं तर म्हणाली, हो की गं. आणि मग मला आठवलं की दोन वर्षांपूर्वी फोनवर ती म्हणाली होती, पर्वती चढताना काही होत नाही पण उतरताना पाय भरतात. तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. वर चढताना माणूस पुढे वाकतो आणि उतरताना पाठ मागे जाते, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

आता हे डॅव्हनपोर्ट शेजारचंच गाव, आणि कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून-हलवून दुखण्यावर उपचार करायची पद्धत, तिचा जन्मच मुळी डॅव्हनपोर्टचा. १८ सप्टेंबर १८९५ ला डी. डी. पामर नावाच्या माणसाने तिथे हार्वी लिलार्ड या ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका हाताने दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं अशी ती कथा. १८९७ ला पामरने शाळा काढली, ती आज मोठं कॉलेज होऊन ब्रेडी स्ट्रीटच्या चढावर उभी आहे. पामरचं म्हणणं होतं की ९५ टक्के रोग मणके सरकल्याने होतात. ते मी मानत नाही, आणि आजही कोणी कायरोप्रॅक्टर दमा, बीपी, शुगर मणका दाबून बरी करतो म्हणाला तर तिथून सरळ उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण कंबर, मान आणि तिथून हातापायात उतरणारं दुखणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे, इथे कॉलेजनंतर तीन-चार वर्षं शिकून, बोर्डाच्या परीक्षा देऊन, राज्याचं लायसन्स घेतल्याशिवाय कोणी पेशंटला हात लावू शकत नाही. शेजारच्या अमेरिकन आजींनी एका कायरोप्रॅक्टर बाईंचं नाव सांगितलं म्हणून आम्ही गेलो. आईचा व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या दुखण्याला पैसे देत नाही, तेव्हा सगळं खिशातून.

मला वाटलं होतं यूट्यूबवर दिसतं तसं असेल, मान पिरगाळली, कडकड आवाज आला, पेशंट हसत उठला. तसं काहीच झालं नाही. त्या बाईंनी पहिल्या दिवशी पाऊण तास आईला टेबलावर झोपवलंच नाही. आधी प्रश्न, मी मराठीत सांगायची, आई मराठीत उत्तर द्यायची. रात्री झोपेतून उठवेल असं दुखतं का, वजन उतरलंय का, कधी कॅन्सर झालाय का, लघवी-शौचाचा ताबा जातो का, बसायच्या जागी बधिरपणा वाटतो का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी, घोट्यावर तो थरथरणारा लोखंडी चिमटा लावून थरथर कळते का विचारलं. आणि मग खाली गुडघ्यावर बसून तिच्या दोन्ही पावलांवर बोटं ठेवून नाडी बघितली, डोळे मिटून, बराच वेळ. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या चालल्यावर पोटऱ्या भरण्याचं दुसरं कारण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणं हे असू शकतं, तसं असेल तर माझं टेबल उपयोगाचं नाही, आधी डॉक्टर. पण ते दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, याला मात्र बसावं किंवा वाकावं लागतं. सामानाच्या गाडीचं मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या तुम्ही अर्धं निदान घरीच करून आलात.

स्पायनल स्टेनोसिस. पुण्याच्या एमआरआयमध्ये ते लिहिलेलंच होतं, आमच्याकडे सगळे त्याला मणक्यात गॅप म्हणत होते. वयाने मणक्यातली नळी अरुंद होते, आत पायाकडे जाणाऱ्या नसा असतात, ताठ उभं राहिलं की नळी आणखी आवळते आणि वाकलं की थोडी मोकळी होते. म्हणजे दुखतात पाय, पण गडबड कमरेत. इतकी वर्षं आम्ही तेल लावत होतो पोटऱ्यांना.

दुसरा कागद त्यांनी मागितला तो डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचा. त्यातला आकडा, टी-स्कोअर, उणे २.७, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. त्या म्हणाल्या, मग झटका देऊन काही करायचं नाही, हाडं ठिसूळ आहेत, बरगडीही जाऊ शकते. आईला पोटावर झोपवलं ते टेबल मधे सांधा असलेलं होतं, पायाकडचा भाग त्या हळूहळू खाली नेत आणि वर आणत होत्या, एक हात कमरेवर. आवाज नाही, कडकड नाही. आई गाडीत म्हणाली, एवढे पैसे दिले आणि आवाजपण नाही आला गं. खरं तर तो आवाज सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही, पण आपल्याकडे आवाज आला की काम झालं असं डोक्यात पक्कं बसलंय. म्हणूनच सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान मोडून घेणारे काका बघितले की माझा जीव वरखाली होतो, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होणं क्वचितच घडतं, पण घडलं तर लकवा मारतो.

पाच आठवड्यांत आठ वेळा गेलो. प्रत्येक वेळी उठल्यावर तिला एक-दोन दिवस पाय हलके वाटायचे, आणि त्या बाईंचा सगळा जोर त्या एक-दोन दिवसांवर होता. टेबलाने मी तुम्हाला फक्त वेळ काढून देते, म्हणायच्या, त्या वेळात चालायचं. मी नंतर शोधून वाचलं, २०१९ साली जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात नेमका यावर अभ्यास आलाय, साठीच्या पुढचे स्टेनोसिसचे २५९ पेशंट, काहींना औषधं आणि इंजेक्शन, काहींना ग्रुपमध्ये व्यायाम, काहींना हाताने उपचार आणि जोडीला प्रत्येकाच्या गरजेचा व्यायाम. दोन महिन्यांनी हा तिसरा गट पुढे होता, सहा महिन्यांनी तिन्ही गटांत फरक उरला नाही. ते वाचून मी खट्टू झाले नाही, उलट त्या बाई खरं बोलत होत्या हे कळलं. आणि पट्ट्याचं सांगायचं तर डब्ल्यूएचओने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीवर जे मार्गदर्शन काढलं त्यात व्यायाम आणि मणक्याचे हाताने उपचार चालतील म्हटलंय, पण पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीसाठी देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. आईला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पट्टा कपाटात गेला.

घरचा व्यायाम साधाच. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे पोटाशी, ते बघून आई म्हणाली हे तर पवनमुक्तासन, शाळेपासून येतं मला. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं. ओट्याला एक हात धरून एका पायावर उभं राहणं, सुरुवातीला चार सेकंद व्हायचे, जाताना अठरा. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम करावा असं डब्ल्यूएचओ पण सांगतं, कारण या वयात पडणं हा मोठा धोका. आणि चालणं, पण दुखेपर्यंत नाही, भरून यायला लागलं की बसायचं, पुढे वाकायचं, पाय मोकळे झाले की परत उठायचं. बसणं म्हणजे हरणं नाही हे तिला पटायला तीन आठवडे लागले. चार चाकांची, बसायला जागा असलेली वॉकर गाडी आणायची म्हटली तर आधी एकदम नाही, म्हातारी दिसेन म्हणे, मग नदीवर तिच्याच वयाच्या तीन गोऱ्या आज्या तसल्या गाड्या घेऊन गप्पा मारत जाताना दिसल्या आणि घरी येऊन म्हणाली, लाल रंगात मिळते का बघ.

ऑक्टोबरात ती परत गेली. पुण्याच्या फूटपाथवर ती गाडी चालत नाही, पेव्हर ब्लॉक उखडलेले, मधेच टपरी, मधेच बाईक, त्यामुळे ती सोसायटीच्या पार्किंगमध्येच चालवते. तिकडे कायरोप्रॅक्टरकडे पाठवलं नाही, भारतात या कामाला अजून वेगळा कायदा किंवा लायसन्स नाही, बोर्ड कोणीही लावू शकतं आणि मी इतक्या लांबून कोणाची पारख करणार. जवळच्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे जाते, इथल्या बाईंनी दोन पानी पत्र दिलं होतं ते त्यांनी नीट वाचलं आणि डेक्सा बघून हाडांच्या डॉक्टरांकडे औषधासाठी पाठवलं, हे मला फार आवडलं.

दुखणं गेलेलं नाही. थंडीत जास्त होतं. पण परवा फोन आला तो मंडईतून, मागे भाजीवाल्यांचा गलका, म्हणाली चालत आले, दोनदाच बसले, एकदा एका दुकानाच्या पायरीवर आणि एकदा रिक्षावाल्याने स्वतःहून बस म्हटलं आजी. किती बोलत होती.

मे महिन्यात परत येतेय. मी कालच नदीवर जाऊन बाक मोजून आलेय. पार्किंगपासून पहिला बाक २१० पावलं, तिथून दुसरा १६०, मग झाडाखालचा एक आहे तो थोडा लांब, ३४० वर, पण त्याच्या आधी एक बसता येईल असा कठडा आहे.