एक्केचाळीस निसणे

8 नोव्हेंबर

जपानमधल्या क्योतोजवळच्या कामेओकातले धुके आज सकाळचे दहा वाजले तरी हटले नव्हते. मार्चअखेरीस पुण्याला परतायचे नक्की झाल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूकडे आम्ही वजनाच्या हिशेबाने पाहू लागलो आहोत, आणि त्या हिशेबात पहिल्यांदा माझे दगडच सापडावेत हे ओघानेच आले. कपाटाच्या तळातून काढून, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या सोडवून, सगळे जमिनीवर मांडले तेव्हा 41 भरले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून बेरीज केली, ती 37.5 किलो झाली. विमानात एका बॅगेला 23 किलो मिळतात. बायकोने आकडा ऐकला आणि "अहो, लोक परदेशातून सोने आणतात," एवढेच म्हणून ती चहा टाकायला गेली.

हे दगड म्हणजे जपानी नैसर्गिक तोइशी, आपल्या भाषेत निसणे. सांगलीच्या आमच्या घरी एकच निसणा होता. विळी, विळा, अडकित्ता, सगळे त्याच्यावरच पाजवले जाई आणि घासून घासून तो मधोमध होडीसारखा खोल गेला होता. त्यामुळे एका माणसाला 41 निसणे कशाला लागतात, या आईच्या प्रश्नाला मला आजवर पटेल असे उत्तर देता आलेले नाही. इथे आलो तो यंत्रांच्या नोकरीसाठी. पुढे रविवारी सुतारकाम शिकू लागलो आणि जपानी रंधा हाती आला. तो पुढे ढकलायचा नसून अंगाकडे ओढायचा असतो, आणि पात्याची धार मनासारखी नसेल तर तो लाकूड सोलत नाही, ओरबाडतो. रंध्यावरून पात्याकडे आणि पात्यावरून दगडाकडे असा मी 14 वर्षांत घसरत गेलो.

चार दगड बरोबर न्यायचे आणि 37 विकायचे, असे आज ठरले.

12 नोव्हेंबर

विकायचे म्हटले की वर्णन लिहावे लागते, आणि घोडे तिथेच अडले आहे. कारखान्यात बनलेल्या दगडाचे वर्णन म्हणजे एक आकडा, जितका मोठा तितके कण बारीक: 1000, 3000, 6000. त्यातले कण मापाने निवडलेले असतात. पुष्कळदा ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे रसायनाने आपल्या कुरुंदाचेच भाऊबंद. एका दगडाविषयी जे खरे ते त्याच्या शेजारच्याविषयीही खरे. डोंगरातून काढलेल्या दगडाला असा आकडा नसतो. क्योतोच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत शेवटच्या धारेसाठी जो आवासेदो दगड निघतो, तो सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. रेडिओलॅरिया नावाच्या सूक्ष्म जीवांची सिलिकाची कवचे आणि अत्यंत बारीक माती थरावर थर बसत गेली, भूपट्टाबरोबर सरकत जपानच्या भूमीला येऊन चिकटली आणि तिथे दाबली गेली. सह्याद्रीचा आपला काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे या दगडांपुढे पोरसवदाच म्हणायचा. पण वय हा काही विकण्याचा मुद्दा नव्हे. डोंगरातला प्रत्येक दगड जुनाच असतो.

आकडा देता येत नाही, याचे खरे कारण दगडाच्या कामातच आहे. पाते फिरू लागले की दगडातले क्वार्ट्झचे कण सुटतात, पाण्यात मिसळून त्यांचा चिखल होतो, आणि घासता घासता त्या चिखलाचे कण आणखी भरडले जातात. तोच दगड सुरुवातीला पोलाद भराभर खातो आणि शेवटी, हात हलका ठेवला तर, चकाकी देतो. मग त्याला 5000 लिहायचे की 10000? "8000 च्या तोडीचा" असे लिहिणारे विक्रेते पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाइकालाही ते आवडते. मला मात्र ते लिहवेना. म्हणून असे ठरवले, की प्रत्येक दगडावर एकच पाते, माझे 70 मिलिमीटर रुंदीचे शिरोगामी पोलादाचे, पाच मिनिटे घासायचे आणि दिसेल, ऐकू येईल, बोटाला लागेल तेवढेच लिहायचे. कागदावर हे काम तीन तासांचे होते. प्रत्येक वेळी पाते आधी 1000 च्या दगडावर घासून पुन्हा त्याच भरड अवस्थेला आणावे लागते हे मी हिशेबात धरलेच नव्हते, त्यामुळे तीन संध्याकाळी गेल्या आणि अजून नऊ दगड बाकी आहेत.

आज क्रमांक 17 ला अर्धा तास दिला. तो सुइता आहे, म्हणजे ज्या थराच्या दगडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात तो. माप 198 × 71 × 34 मिलिमीटर, वजन 1290 ग्रॅम. रंग पिकत आलेल्या लिंबाचा, आणि एका कडेला फिकट गुलाबी ठिपक्यांची नक्षी, जिला इथे रेंगे म्हणजे कमळ म्हणतात. पाण्याचे चार थेंब टाकले तर दोन मिनिटांत करडा चिखल वर येतो; आवाज रेशमी नव्हे, तर पाटीवर खडूची आडवी बाजू ओढल्यासारखा. जपानी पात्यात धारेचे कठीण पोलाद आणि त्याला पाठीकडून आधार देणारे मऊ लोखंड असे दोन थर जोडलेले असतात. या दगडावरून उतरलेल्या पात्याचे लोखंड दुधाळ, धुरकट होते आणि पोलाद त्याच्या कडेने एका उजळ पट्टीसारखे उठून दिसते. या धुरकटपणाला कासुमी, म्हणजे धुके, म्हणतात. कारखान्याचा बारीक दगड बहुधा दोन्ही थर सारखेच चकचकीत करून टाकतो. धार त्यानेही येते, आणि उत्तम येते. नैसर्गिक दगडाशिवाय धारच लागत नाही असे सांगणारा माणूस दगड विकायला बसला आहे असे खुशाल समजावे. मी ते वर्णनात लिहिणार नाही.

16 नोव्हेंबर

आज क्रमांक 5 समोर घेतला, जो मी इतके दिवस टाळत होतो. नऊ वर्षांपूर्वी एका दुकानात मी तो 68,000 येनांना घेतला, कारण त्याच्या बाजूवर नाकायामा खाणीचा मानला जाणारा शिक्का होता. क्योतोच्या उमेगाहाता भागातली ती खाण गेल्या शतकातच बंद झाली, आणि खाण बंद झाली की नाव फुगते. पुन्हा पाहताना लक्षात आले की शिक्क्याची शाई ज्या बाजूवर आहे ती बाजू नव्याने घासून सपाट केलेली आहे. बाकी तिन्ही बाजूंवर जुन्या छिन्नीच्या खुणा शाबूत आहेत. ज्याने बाजू घासली त्याच्यानंतरच शिक्का उमटला, एवढेच यावरून सिद्ध होते. दगड कदाचित नाकायामाचाच असेल. पण "कदाचित" या शब्दाचे पैसे मी मोजले होते, ते दुसऱ्याकडून वसूल करणे मला जमणार नाही. "क्योतो भागातला आवासेदो, खाण अज्ञात, शिक्क्याची खात्री नाही" असे लिहिले आणि किंमत 22,000 ठेवली. लिहून झाल्यावर बराच वेळ हळहळलो, हेही नोंदवून ठेवतो.

त्याच ओघात तुटलेल्या क्रमांक 30 चीही नोंद केली. तो मीच मारला. सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ओला दगड गॅलरीत विसरलो, रात्री पाणी गोठले, आणि सकाळी पापुद्र्यासारखा एक थर सुटून बाजूला पडला होता. या दगडांचे थर पुस्तकाच्या पानांसारखे असतात आणि पाणी बाजूंनी आत शिरते, म्हणून त्यांच्या बाजूंना रोगण लावून ठेवतात. पूर्वापार ते उरुशीचे, म्हणजे इथल्या लाखेच्या झाडाच्या चिकाचे. हल्ली पुष्कळजण काश्यू नावाचे स्वस्त रोगण वापरतात, मीही तेच वापरतो. पहिल्या वेळी डबा उघडला तेव्हा हे काश्यू म्हणजे आपला काजूच, आणि हे रोगण काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनते, हे वाचून मी हरखलो होतो. तेच तेल, जे कोकणात काजू भाजताना अंगावर उडाले की कातडी सोलून काढते. काजू, बिबा, उरुशी आणि आंबासुद्धा, ही सगळी एकाच कुळातली झाडे. उरुशीने हातावर पुरळ उठते तेव्हा इथले लोक ज्या शब्दांत कुरकुरतात, त्यात मला "बिबा उतला" हेच ऐकू येते.

21 नोव्हेंबर

दर महिन्याच्या 21 तारखेला क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या नावाचा बाजार भरतो. माझ्या 41 पैकी निदान 15 दगड तिथल्याच ताडपत्र्यांवरून आलेले, गंजलेल्या करवती आणि फुटक्या वाडग्यांच्या ढिगातून उचललेले. आज पाच दगड पाठीवरच्या पिशवीत घालून घेऊन गेलो. जुन्या हत्यारांच्या एका विक्रेत्याने सगळ्यांचे मिळून 9,000 येन सांगितले, तेही दगडांवर पाणी न टाकता. पाचही दगड घेऊन परत आलो. खांदा दुखतो आहे.

23 नोव्हेंबर

आज पहिले गिऱ्हाईक घरी आले: मंदिरे बांधणाऱ्या सुतारांच्या हाताखाली चौथे वर्ष शिकणारा 24 वर्षांचा मुलगा. बूट दाराशी जुळवून ठेवून आत आला, बसला, आणि आपल्या कापडी गुंडाळीतून स्वतःची दोन पाती काढून गुडघ्यासमोर मांडली. माझे वर्णन त्याने छापून आणले होते, त्यावर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या.

मला वाटले होते की तो क्रमांक 2 कडे जाईल. तो आसागी आहे, निळसर राखी, काचेसारखा कठीण, माझ्या संग्रहातला सर्वांत महाग. त्याने तो घेतला, पाते आठ-दहा वेळा फिरवले आणि पुसून परत ठेवला. "हा माझ्यापेक्षा जास्त जाणतो, त्रिपाठी-सान," तो म्हणाला, आणि मग थोडे थांबून, या दगडाने आपल्या पात्याचे कोन अजून डगमगतात हे लगेच दाखवून दिले, असा खुलासा त्याने केला. कठीण दगड चिखल सोडत नाही, त्यामुळे हाताची चूक झाकायला त्याच्यापाशी काही नसते. मी मात्र इतकी वर्षे कठीण तेवढे मौल्यवान असे धरून किमती लावल्या होत्या. रोज काम करणाऱ्याला कोणता दगड हवा, हा प्रश्न रविवारी काम करणाऱ्याला पडलेलाच नव्हता.

त्याने आओतो उचलला. हा मधल्या धारेचा, काळपट हिरवा, काहीसा मातकट दगड, इथल्याच तांबा प्रदेशातला, ज्यात आमचे कामेओकाही येते. मी तो यादीत शेवटी, 4,000 येनांना, जवळजवळ माफी मागत लिहिला होता. मुलाने त्यावर पाते दोन मिनिटे घासले, चिखल अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते क्रमांक 2 साठी मी राखून ठेवले होते. चांगला आओतो आता सहजी मिळत नाही म्हणाला, आणि त्यांच्या उस्तादाकडचा झिजून वडीएवढा उरला आहे. त्याबरोबर त्याने सुइता, क्रमांक 17, घेतला, 18,000 ला. दोन्हींचे मिळून 22,000 येन त्याने लिफाफ्यात घालून दोन्ही हातांनी पुढे केले. भाव करण्याचा विषयच निघाला नाही. दगडांच्या व्यवहारात घासाघीस व्हायची ती फक्त पात्याची, अशी कोटी मला सुचली. ती जपानीत सांगता येण्यासारखी नव्हती, म्हणून इथे लिहितो.

29 नोव्हेंबर

आठवड्यात 11 दगड गेले. त्यांतले सात परदेशात: एकेक दगड आधी ओलसर नाही याची खात्री करून, कागदात, मग फोमात, मग दुहेरी खोक्यात. टपालाचा खर्च दोन वेळा दगडाच्या किमतीपेक्षा जास्त झाला आणि घेणाऱ्यांनी हूं की चूं केले नाही.

आज त्या शिकाऊ मुलाचा संदेश आला. आभार मानून झाल्यावर, तक्रार नव्हे अशी दोनदा पुष्टी करून, त्याने क्रमांक 17 चे एक छायाचित्र पाठवले होते. रेंगे नसलेल्या टोकाला, कडेपासून दोन बोटांवर, केसाएवढी एक रेघ आहे आणि ती पात्याला ओरखडा पाडते. दगडात रेघा असतातच. काही निरुपद्रवी असतात, काही धारेला लागतात, आणि लागते की नाही हे नखाने किंवा पात्यानेच कळते. मी वर्णनात "रेघा नाहीत" असे लिहिले होते. अर्धा तास दिला होता त्या दगडाला! मग उठून दुसरा दगड तिवईवर ठेवला, तेव्हा उलगडा झाला: प्रत्येक दगड मी सुंदर बाजू माझ्याकडे करून ठेवतो आणि पाते जवळच्या दोन-तृतीयांश भागातच फिरवतो. पलीकडचे टोक वर्षानुवर्षे माझ्या पात्याने पाहिलेलेच नाही.

त्याला 4,000 येन परत देऊ केले. त्याने नको म्हटले. रेघ टोकदार खिळ्याने कोरून काढली आहे, आता काही लागत नाही, असे कळवले. तरी रक्कम उद्या टपालाने पाठवतो आहे, आणि ती परत येण्याचीही शक्यता आहे.

उरलेले सगळे दगड आज रात्री उलट्या टोकाने घासायला घेतले. अकरा झाले, दोघांत रेघ सापडली, त्यांतला एक मी स्वतःसाठी ठेवलेल्या चारांतला. बायको झोपायला गेली आहे, आणि न्हाणीघरातली बादली करड्या चिखलाने अर्धी भरली आहे. वर्णने उद्या दुरुस्त करायची.