सायकलवरचं नाक

हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्याला वास येत नाहीत, असं सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. सकाळी लाल ग्रेव्हीचा कांदा परतायला घेतला की अर्ध्या तासात नाक संपावर जातं. मग दिवसभर डोळा आणि कान. मोहरी झाली हे तडतड ओसरली की कळतं, मसाला झाला हे कडेनं तेल सुटलं की. बाहेर गिऱ्हाईक "काय वास सुटलाय!" म्हणतं, तेव्हा आत मला नुसता धूर दिसत असतो.

नाक परत मिळतं ते सायकलवर. दुपारची शेवटची केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, गेली, भट्टी मंद केली की संध्याकाळपर्यंत ब्रेक. पोरं मागच्या खोलीत आडवी होतात, मोबाईल छातीवर. मी सायकल काढतो. स्कूटरवर वास नीट कळायच्या आत मागं पडतो, आणि चालत निघालं तर सगळा ब्रेक एकाच गल्लीत संपतो.

बेळगावात सायकलीचा मान तसा जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग सुरू झाला तो इथल्या सायकलच्या दुकानातून, १८८८ साली. पुढं नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि आपल्याकडं किर्लोस्कर रोड राहिला. आता त्या रोडवर सायकल टेकवायला जागा मिळाली तर नशीब म्हणायचं.

माझा मुक्काम कुंद्याच्या भट्टीपाशी. दूध आटायला लागलं की आधी साधा उकळीचा वास, मग खव्याचा जडसर, आणि साखर पडून रंग तांबूस व्हायला लागला की कडवटपणाच्या अगदी अलीकडचा एक वास येतो. कुंदा तिथंच उतरवायचा. जरा पुढं गेला की जळका, अलीकडं राहिला की नुसता गोड खवा. भट्टीवरचे मामा ओळखीचे आहेत.

"काय ओ शेफ, ड्युटी नाही काय आज?"

"ब्रेक की ओ. वास घ्यायला आलोय."

"घ्या की. मला कुठला वास येतोय ओ! रंग बघायचा आणि उलथन्याचा आवाज ऐकायचा."

म्हणजे ह्यांचंही नाक संपावरच. एवढा कुंदा गावभर जातो, पाहुण्यांच्या पिशवीतून पुण्या-मुंबईला जातो, आणि करणाऱ्याच्या वाट्याला उलथन्याची खरखर. पार्सल आणि गिफ्ट बॉक्सच्या जमान्यात हे कुणाला सांगायचं?

रात्री परतताना कपिलेश्वर पुलाचा चढ लागतो. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरलेल्या असतात, त्यामुळं इथं मी सरळ उतरून सायकल ढकलतो. शहापूर ओलांडून वडगावात शिरलं की मागांची खटखट आणि सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास. आमच्या हिला तो नकोसा होतो. मला त्याच्यावरून घर जवळ आल्याचं कळतं.

सुट्टीच्या दिवशी मात्र येळ्ळूर रस्ता. भात निसवलं की ह्या शिवारात बासमतीचा वास दरवळतो. हा आपला बेळगावी बासमती, दाण्यानं बारीक. शिजवला की शेजारच्या घरात कळतं. पिकायला वेळ घेतो, उतारा कमी, त्यामुळं शेतकरी दुसऱ्या वाणाकडं वळतात. त्यांना नावं ठेवायला मी काही शेतात राबत नाही. त्यात आता शिवारातही प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात, तिथं वास कुठून येणार?

ओळखीच्या शेतकऱ्याकडून थोडा तांदूळ आणून मी तो स्टाफच्या जेवणात लावतो. नुसता भात, वर पातळ आमटी. त्या दिवशी वेटर पोरं हाक मारायच्या आधीच आत येतात. मालकांनाही दोनदा वाढला. खाल्ला, आवडला, वर मागूनही घेतला. पण बिर्याणीला अजून लांब दाण्याचाच येतो. त्यांचं म्हणणं, फोटोत शीत दिसलं पाहिजे.